ओढ्याचा काठ पायथ्यातून जातो: झाडं लावण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जमिनीच्या कडेने ओढा वाहतो, एका वळणावर दर पुराला काठ थोडाथोडा ढासळतो, गेल्या पुरात तर मोठी कड तुटून गेली. काँक्रीटची भिंत घालायची इच्छा नाही. मग काठावर कोणती झाडं लावली म्हणजे माती धरून राहील?

झाडांची नावं खाली देतो, पण त्याआधी प्रश्नच जरा बदलून घेऊ. ‘काय लावू’ हे नंतर. ‘काठ नेमका कशाने पडतोय’ हे आधी. मी ज्या कामांवर जातो तिथे बहुतेक वेळा झाडं आधीच लावलेली असतात, बऱ्यापैकी जगलेलीही असतात, आणि तरी मुळासकट पाण्यात गेलेली असतात. झाडाची निवड चुकलेली नसते. झाड ज्या मातीत उभं होतं तिच्याखालची माती आधीच गेलेली असते.

काठ ढासळताना आपल्याला दिसतं ते वरचं: गवतासकट एक ढेकूळ सुटतं आणि खाली बसतं. पण सुरुवात खाली, पायथ्याशी झालेली असते. पुराचं पाणी जितकं खोल, तितकी तळाजवळ त्याची ओढ जास्त. खोली दुप्पट झाली की ही ओढही साधारण दुप्पट होते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला तर वेगवान धार काठावरच येऊन आदळते आणि तळाकडे वळते. पायथ्याची माती धुतली जाते, काठाखाली पोकळी होते, वरचा भाग छज्जासारखा पुढे लटकतो आणि स्वतःच्या वजनाने तुटतो. तुटलेली माती पायथ्याशी पडली की काही काळ तीच काठाला आधार देते. पुढचा पूर ती वाहून नेतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. म्हणजे काठ किती वेगाने मागे सरकेल हे, ओढा पायथ्याला पडलेली माती किती लवकर उचलून नेतो यावर ठरतं. बहुतेक झाडांच्या मुळांची दाट जाळी वरच्या मीटरभर थरातच असते. तुमचा काठ अडीच-तीन मीटर उंच असेल तर त्या जाळीचा आणि पायथ्याचा संबंधच येत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. काठ अनेकदा पूर भरात असताना पडत नाही, पूर ओसरल्यावर पडतो. भर पुरात पाण्याने काठाला बाहेरून टेकू दिलेला असतो. पाणी झपाट्याने उतरतं तेव्हा तो टेकू जातो, पण काठातली माती अजून चिंब असते. मातीत चाळीस टक्के पोकळ्या धरल्या तर पूर्ण भिजलेल्या एका घनमीटर मातीत 400 किलो पाणी असतं. इतकं जादा वजन, त्यात आतल्या पाण्याचा बाहेर येण्याचा रेटा आणि भिजल्यामुळे कमी झालेली मातीची पकड. म्हणून ‘काल पूर ओसरला, रात्री काठ गेला’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते.

आता तुमच्या काठाजवळ जा. पाणी कमी असेल तेव्हा पात्रात उतरा आणि काठाकडे तोंड करून उभे राहा. वरून बघून काही कळत नाही. पायथ्याशी काठ आत गेलाय का? हात घालून बघा, पोकळी किती खोल आहे. मुळं हवेत लोंबताहेत का? खाली पडलेल्या ढेकळांवर गवत अजून हिरवं आहे, म्हणजे ती ताजी आहेत. ती कडेने झिजून गोलसर झाली असतील तर त्यांच्यावरून एखादं पाणी जाऊन गेलंय. काठाच्या मातीचे थर बघा. वर चिकणमाती आणि खाली वाळू-गोट्यांचा थर असेल तर वाळू आधी निघून जाणार आणि वरची चिकणमाती फळीसारखी तुटणार. मधेच कुठे ओलसर पट्टा आहे का, त्यातून पाणी पाझरतंय का, पाझराबरोबर बारीक वाळू बाहेर येतेय का, तेही पाहा. मग वर चढून काठापासून दोन-तीन पावलं आत जमीन बघा. काठाला समांतर भेग दिसली तर पुढचा तुकडा कुठून तुटणार हे ठरून गेलेलं आहे. त्या भेगेच्या पलीकडे उभं राहू नका आणि तिथे यंत्रही नेऊ नका.

या पाहणीतून साधारण चार गोष्टींपैकी एक निघते, कधीकधी दोन एकत्र. वळणावरची धार पायथा खाते, हे सर्वांत सामान्य. दुसरं, काठातून पाझर येतो आणि माती आतून ढिली होते. तिसरं, शेताचं किंवा अंगणाचं पाणी एकाच जागी काठावरून खाली कोसळतं आणि तिथे घळ पडते. हे सर्वांत सोपं, कारण त्यात ओढ्याचा दोषच नाही. वरचं पाणी उथळ चराने वळवून दगडी उतारावरून खाली आणलं की बरंचसं काम होतं. आणि चौथं, ओढ्याचा तळच खाली चाललाय.

या चौथ्या प्रकाराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यात सगळी मेहनत पाण्यात जाते. ओळख अशी: फक्त वळणावर नाही, सरळ भागातही आणि दोन्ही बाजूंचे काठ पडताहेत. पुलाचा किंवा मोरीचा पाया उघडा पडलाय. पात्रात खालच्या अंगाला कुठेतरी छोटा धबधब्यासारखा पायरीचा भाग आहे आणि तो दर वर्षी वरच्या दिशेला सरकतोय. एमरी लेन या अमेरिकी अभियंत्याने 1955 साली यामागचा हिशेब साध्या शब्दांत मांडला होता. प्रवाहाबरोबर येणारा गाळ आणि त्याच्या कणांचा आकार एका पारड्यात, पाण्याचं प्रमाण आणि पात्राचा उतार दुसऱ्या पारड्यात. एक बाजू बदलली की दुसरी बदलेपर्यंत पात्र खणलं तरी जातं किंवा भरलं तरी जातं. वर कुठे बंधारा झाला आणि गाळ अडला, वाळू उपसली गेली, कोणी वळणं काढून ओढा सरळ केला (म्हणजे अंतर कमी होऊन उतार वाढला), किंवा वरच्या बाजूला जमीन फरशी-डांबराखाली जाऊन पाणी एकदम येऊ लागलं, की तळ खाली जायला लागतो. तळ खाली गेला की काठांची उंची वाढते आणि एका मर्यादेनंतर ते स्वतःच्या वजनानेच पडतात. अशा ठिकाणी काठावर काहीही केलं तरी टिकत नाही. आधी तळ थांबवायचा. दगडांचे बुटके, तळाच्या पातळीला धरून असलेले आडवे पट्टे घालून तळाला पायऱ्या द्याव्या लागतात, आणि ते काम जाणकाराकडून उतार मोजून घेऊनच करायचं. तुमच्याकडे असं असेल तर पुढचं वाचून लगेच कामाला लागू नका.

तुम्ही एकाच वळणाचा उल्लेख केलाय, त्यामुळे मी पहिला प्रकार धरून पुढे लिहितो. तरी काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत: काठाची उंची, माती, पुराच्या पाण्याचा वेग, पात्रात बारमाही पाणी राहतं की कोरडं पडतं, काठापासून घर किंवा रस्ता किती लांब आहे. काठ माणसाच्या उंचीएवढा किंवा त्याहून कमी, मागे मोकळी जमीन आणि ओढा मध्यम असेल तर नैसर्गिक उपाय उत्तम चालतात, आणि वर्षागणिक ते अधिक मजबूत होतात. भिंतीचं नेमकं उलटं असतं. काठ चार-पाच मीटर उंच आणि कडेपासून दहा पावलांवर घर असेल तर हा लेख पुरेसा नाही, अभियंत्याला बोलवा.

पहिलं काम पायथ्याचं. इथे माझं मत अनेक निसर्गप्रेमींना आवडत नाही: वळणावर जोरदार धार येत असेल तर पायथ्याला दगड लागतोच, आणि त्यात कमीपणा नाही. ओढ्यात दगड असतातच. फरक एवढाच की दगड फक्त पायथ्याला, नेहमीच्या पुराच्या पातळीपर्यंत घालायचे आणि त्यावरचा काठ झाडोऱ्याला द्यायचा. पूर्ण उंचीभर पिचिंग (दगडांचं अस्तर) करायचं नाही. दगड एकसारखे नकोत. लहान-मोठे, कोनदार, एकमेकांत बसणारे हवेत. गोटे घरंगळतात. सर्वांत खालची ओळ तळाच्या पातळीखाली पुरलेली हवी, कारण पुरात पायथ्याशी तळ तात्पुरता आणखी खोल जातो आणि पाणी ओसरताना पुन्हा भरतो. तुम्ही कोरड्या दिवसांत बघता तो तळ पुरातला तळ नव्हे.

दगड नको असेल आणि धार मध्यम असेल तर दोन पर्याय आहेत. पहिला, फांद्यांसकट तोडलेली झाडं काठाच्या पायथ्याला आडवी बांधायची. बुंधा वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं तिकडे, शेंडा खालच्या अंगाला, पाणी जातं तिकडे. बांधायला सुरुवात खालच्या टोकापासून करायची आणि वर जाताना पुढच्या झाडाचा शेंडा आधीच्या झाडाच्या बुंध्यावर चढवायचा, कौलं घालतो तसं. फांद्यांच्या दाटीत पाण्याचा वेग मोडतो, गाळ तिथेच बसतो आणि ओढा स्वतःच आपला पायथा भरून देतो. यासाठी बारीक, दाट फांद्या असलेलं झाड हवं. नुसते ओंडके काही कामाचे नाहीत, उलट त्यांच्यामागे भोवरा तयार होऊन माती निघते. तारेचा दोर लांब, घट्ट ठोकलेल्या खुंटाला बांधा. सुटलेलं झाड पुढच्या मोरीत अडकलं तर गावभर पाणी होईल. दुसरा पर्याय काथ्याच्या लोळांचा. साधारण 30 सेंटिमीटर व्यासाचे, काथ्या ठासून भरलेले लोळ पायथ्याशी अर्धे पाण्यात, अर्धे वर असे बसवतात आणि त्यांत पाणगवताची, लव्हाळ्याची रोपं खोचतात. काथ्या दोन ते पाच वर्षांत कुजतो. तोपर्यंत मुळांनी जागा धरलेली असते. मंद पाण्यात आणि जिथे पातळी फार वरखाली होत नाही तिथे हे छान चालतं. खडकाळ, तीव्र उताराच्या ओढ्यात पैसे वाया जातात.

धार काठापासून दूर वळवायची असेल तर पात्रात तिरके दगडी आडसर घालतात. त्यांचं तोंड कोणीकडे असावं याबद्दल सगळ्यांची सहज कल्पना उलटी असते. वाटतं, आडसर खालच्या दिशेला झुकवला की पाणी त्याला घासून मध्याकडे जाईल. पण पूर आडसरावरून वाहतो, आणि वरून ओसंडणारं पाणी आडसराच्या लांबीला काटकोनात उतरतं. म्हणून आडसर वरच्या अंगाला, काठाशी 20 ते 30 अंशांचा कोन करून झुकवायचा आणि काठाकडून मध्याकडे उतरता ठेवायचा. खालच्या अंगाला झुकवलेला आडसर पाणी थेट तुमच्याच काठावर टाकतो. शिवाय पात्रात काहीही घालण्याआधी समोरच्या काठाचा विचार करा. तुमच्याकडून सुटलेली धार शेजाऱ्याच्या जमिनीवर जाता कामा नये. पात्रात काम करायला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते. ती आधी घ्या आणि समोरच्या माणसाशीही आधीच बोला.

पायथा झाला की काठाचा उतार. उभ्या कड्यावर काहीच धरत नाही. एक मीटर उंचीला दोन मीटर आडवं, असा उतार साधला तर झाडोरा बसतो. त्यासाठी वरची थोडी जमीन सोडावी लागते आणि तिथेच बहुतेकांचं मन खट्टू होतं. मी स्पष्ट सांगतो: ती जमीन तशीही जाणार आहे. स्वतः कापली तर आकार तुमच्या हातात राहतो, ओढ्याने कापली तर नाही. कापलेली माती पुढे पात्रात लोटू नका, वर उचलून न्या. उतार केल्याच्या दिवशीच काथ्याची जाळी अंथरा. तिच्या वरच्या कडा चरात गाडा, पट्टे एकमेकांवर चढवा आणि लाकडी मेखा मारा. प्लॅस्टिकची जाळी स्वस्त पडते, पण तिच्यात साप अडकून मरतात आणि तिचे तुकडे वर्षानुवर्षं ओढ्यात फिरत राहतात.

आता लागवड, आणि त्यात माझा सर्वांत आवडता भाग: जिवंत मेखा. काही झाडांची ताजी फांदी नुसती जमिनीत ठोकली तरी मुळं धरते. थंड प्रदेशात हे काम विलो करतो. उष्ण प्रदेशात विलोचाच भाऊबंद वाळुंज आहे, तो मुळात पाण्याकाठचाच. निर्गुडीही छाटापासून येते. फांदी अंगठ्यापासून मनगटापर्यंत जाडीची, 60 ते 90 सेंटिमीटर लांब घ्या. पानगळीच्या किंवा सुप्तावस्थेच्या काळात तोडलेली सर्वांत चांगली, कारण तेव्हा साठवलेलं अन्न फांदीत असतं. खालचं टोक तिरकं कापा, वरचं सपाट. तिरकं टोक जमिनीत शिरायला सोपं पडतं, आणि वर-खाली ओळखायची खूणही होते. हे क्षुल्लक वाटेल, पण पाने काढलेल्या फांद्यांचा ढीग समोर असताना उलटी मेख ठोकली जाणं फार सोपं असतं, आणि उलटी मेख क्वचितच जगते. डोळे वरच्या दिशेला बघत असले पाहिजेत.

फांद्या तोडल्या की लगेच पाण्यात बुडवून सावलीत ठेवा. दुपारभर उन्हात पडलेली फांदी वरून हिरवी दिसते, पण आतून संपलेली असते. नखाने साल खरवडून बघा: खाली ओला हिरवा थर हवा. लोखंडी पहारीने आधी भोक पाडा आणि मग मेख आत घाला. लाकडी किंवा रबरी हातोडा वापरा. घणाने वरचं टोक फुटतं, साल उकलते, आणि मग तिथून फांदी वाळत जाते. फुटलंच तर तेवढं टोक कापून टाका. तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश लांबी जमिनीत गेली पाहिजे, दोन-तीन डोळे वर. लोकांना वाटतं, जास्त बाहेर ठेवली तर झाड लवकर मोठं दिसेल. होतं असं की वरचा भाग पानं फोडतो, खाली तेवढी मुळं नसतात, आणि पहिल्या कडक उन्हात सगळं वाळतं. भोकाच्या कडेला माती पायाने नीट दाबा. मेखेभोवती हवा राहिली तर मुळं फुटत नाहीत. दोन मेखांमध्ये दोन-तीन फूट अंतर आणि रांगा एकाआड एक. सर्वांत महत्त्वाचं, मेखेचं खालचं टोक कोरड्या हंगामातही ओल असते तिथपर्यंत पोहोचलं पाहिजे. म्हणून मेखा काठाच्या खालच्या अर्ध्या भागातच. माथ्यावर त्या तहानेने मरतात.

एकट्या मेखांनी लगेच संरक्षण मिळत नाही. त्यासाठी मोळ्या. त्याच जिवंत फांद्यांच्या 15 ते 20 सेंटिमीटर जाड, दोन-तीन मीटर लांब मोळ्या सुतळीने बांधायच्या, शेंडे आलटून पालटून दोन्हीकडे. उतारावर आडवे, उथळ चर खणून त्यांत त्या ठेवायच्या, मेखा ठोकायच्या आणि माती अशी टाकायची की मोळीची पाठ जेमतेम उघडी दिसेल. पूर्ण बुजवली तर कुजते, उघडी राहिली तर वाळते. मोळ्यांमुळे उताराचे छोटे टप्पे पडतात, वरून येणारं पाणी अडखळतं, आणि रुजण्याआधीही त्यांचा उपयोग होतो. फांद्यांच्या मोळ्या ही काही नवी युक्ती नव्हे. चीनमध्ये पीत नदीच्या बांधांवर त्या शतकानुशतकं वापरल्या गेल्या आहेत.

काठात पाझर असेल तर मोळ्या आडव्या न घालता थोड्या तिरक्या घाला. आतलं पाणी त्यांच्यातून वाट काढून हळू बाहेर येतं. पाझराच्या तोंडावर घट्ट चिकणमाती थापण्याचा मोह टाळा. पाणी मागे साठतं आणि पूर्ण काठच सुटतो.

उष्ण प्रदेशात, भरपूर ऊन असलेल्या काठावर वाळ्याला तोड नाही. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या भारतातल्या कामात जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी माती अडवण्यासाठी वाळ्याच्या ओळी पुढे आणल्या, आणि तेव्हापासून तो अनेक देशांत पोहोचला. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत पहिल्याच वर्षात तीन-चार मीटरपर्यंत. मुळांची ताणशक्ती सरासरी 75 मेगापास्कल, म्हणजे साध्या पोलादाच्या जवळपास एक-षष्ठांश मोजली गेली आहे. पण एकेकटे ठोंब लांब लांब लावून काही होत नाही. 10 ते 15 सेंटिमीटरवर ठोंब लावून सलग कुंपणासारखी ओळ झाली पाहिजे, आणि मधे खंड पडला तर सगळं पाणी त्याच खिंडीतून धावतं. सावली वाळ्याला सोसत नाही. वाळा आणि मोठी सावली देणारी झाडं एकाच पट्ट्यात लावली तर काही वर्षांत वाळा विरळ होतो. बी न धरणारा वाण मागून घ्या, म्हणजे तो भलतीकडे पसरणार नाही.

मोठी झाडं काठाच्या अगदी कडेवर नकोत. ती माथ्यावर, थोडी आत. करंज, जांभूळ यांसारखी ओल सोसणारी झाडं तिथे चांगली. पोखरलेल्या उभ्या कड्यावरचं उंच झाड वाऱ्यात हलतं, आणि पडताना मुळांना चिकटलेली कित्येक घनमीटर माती घेऊन जातं. आधीपासून उभं असलेलं झाड मात्र लगेच तोडू नका. ते आत्ता काठ धरून असेल. फारच कललं असेल तर वरचा भार छाटून हलका करा आणि बुंधा, मुळं तशीच ठेवा. बांबूबद्दल सगळे विचारतात: माथ्यावर ठीक, पण त्याची मुळं उथळ असतात. पायथा पोखरला गेला की अख्खं बेट एकदम बसतं. पात्राच्या जवळ, जिथे धार अंगावरून जाते तिथे लवचीक झुडपं हवीत. शेरणी तर खडकाळ पात्रातच, धारेत वाढते. आणि बेशरम लावू नका. ती छाटापासून चटकन येते म्हणून कोणी ना कोणी सुचवतंच, पण ती पात्रातच घुसते, पाणी अडवते, आणि जनावरांना विषारी आहे. तुमच्या ओढ्याच्या न ढासळलेल्या भागात जे आपोआप उगवलंय ते बघा. माझ्या यादीपेक्षा ती यादी जास्त खरी.

काम बहुधा मधोमध मोडत नाही, टोकांना मोडतं. तुमचं संरक्षण जिथे संपतं तिथे पाणी मागून शिरतं आणि दगड, मोळ्या, जाळी सगळं सोलून काढतं. म्हणून धूप दिसते त्याच्या दोन्ही बाजूंना थोडं पुढे, काठ शाबूत आहे तिथपर्यंत काम न्या, आणि टोकं काठात निदान मीटरभर आत खोचून बंद करा. वळणावर सर्वांत जास्त मार मधल्या भागाच्या जरा खाली बसतो. बरेच जण काम नेमकं त्याआधीच थांबवतात.

काय करू नये हेही सांगतो. पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा काठावर ओतू नका. त्याचा भार वरून काठालाच खाली ढकलतो, सपाट स्लॅब घसरतात आणि मोकळ्या सळया पुढे कोणाच्या तरी पायात जातात. टायरही नकोत. ‘पात्र मोकळं करून घेऊ’ म्हणून जेसीबीने ओढा सरळ आणि खोल करणं हा तर वर सांगितलेला चौथा प्रकार स्वतःच्या हाताने ओढवून घेणं आहे. वळणाच्या आतल्या बाजूला साठलेली वाळू काढली की धार सरकेल, ही कल्पनाही फार काळ टिकत नाही, पुढच्या पुरात वाळू परत तिथेच येते. आणि काँक्रीटच्या भिंतीबद्दल तुमची शंका रास्त आहे. गुळगुळीत भिंतीलगत पाणी वेग घेतं आणि हा वेग भिंतीच्या पायाशी आणि खालच्या टोकाला खर्च होतो. पुलाचा खांब, घराचा पाया अशा ठिकाणी मात्र तिला किंवा गॅबियनला (दगड भरलेल्या तारेच्या पेट्यांना) पर्याय नसतो.

तुमच्या वळणासाठी क्रम असा धरा: कोरड्या दिवसांत पाहणी आणि मोजमाप, वरचं पाणी वळवणं, पायथ्याला दगड किंवा फांद्यांची झाडं, उतार आणि काथ्याची जाळी, मग खालच्या अर्ध्यात मोळ्या आणि मेखा, वर वाळा किंवा स्थानिक गवत, माथ्यावर झुडपं आणि झाडांचा पट्टा. हा पट्टा पाच मीटर तरी रुंद ठेवा, दहा जमले तर उत्तम. तिथे नांगर घालायचा नाही. मातीकाम पुराच्या हंगामापूर्वी पुरेसं आधी संपवा. मेखा अशा वेळी ठोका की पहिल्या मोठ्या पुराआधी त्यांना रुजायला काही आठवडे मिळतील. हे दोन्ही जुळत नसेल तर पायथा या वर्षी करा आणि लागवड पुढच्या. उलटं करू नका.

जनावरं पहिली दोन वर्षं पूर्ण बाहेर ठेवा. नव्या फुटव्यांवर एक शेळी दोन दिवसांत पाणी फिरवते, आणि गुरांच्या पायांनी ओला काठ जितका तुटतो तितका लहान पुरानेही तुटत नाही. पाण्यावर उतरायला एक जागा ठरवून द्या, वळणाच्या आतल्या बाजूला, दगड घालून. पहिल्या मोठ्या पुरानंतर पाणी उतरताच जाऊन या. काही मेखा मेलेल्या असतील. चौथा हिस्सा गेला तरी घाबरायचं कारण नाही, खिंडी भरून काढा. जाळी कुठे उचलली गेली, दगड कुठे बसले, टोकांना पाणी मागून शिरलंय का, एवढं बघा आणि त्याच आठवड्यात दुरुस्त करा. पायथ्याचे दगड थोडे खचले असतील तर ते काम करताहेत असं समजा: खाली झालेला खड्डा त्यांनी भरला. वरून तेवढे नवे टाका. मोजण्यासाठी काठापासून पाच मीटर आत दोन-तीन पक्के खुंट रोवून ठेवा आणि दर पुरानंतर खुंटापासून कडेपर्यंतचं अंतर वहीत लिहा. दोन हंगामांनंतरही ते कमी होत असेल, तर तळ खाली चाललाय का हे पुन्हा एकदा तपासा.